चौथी पट्टी

माझ्या नातवानं मागच्या वर्षी नवी गाडी घेतली. पहिल्याच फेरीला मला पुढं बसवलं, पट्टा लावून दिला, आणि मी आपली वाट बघत बसले, हा गाडी चालू कधी करतो म्हणून. जरा वेळानं बाहेर पाहिलं तर रस्त्याकडेची घरं मागं सरकत होती. "दादी, चालूच आहे की इंजिन," तो हसून म्हणाला. मला काही हसू आलं नाही. जन्मभर शाळेत पोरांना दरडावत आलेली बाई मी, हेडमास्तरांनाही कधी भ्यायले नाही, पण गप्प इंजिनाला मी अजून भिते. हे नातवाला समजावून सांगायचं तर त्याला जळकोटला न्यावं लागेल, आणि जळकोटचं आमचं ते घर आता उरलेलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

घर हमरस्त्याला लागून होतं. मागं दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली अब्बांचं काम. दिवसभर ऐरणीवर हातोडा, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे, मागच्या परड्यात कोंबड्या, आणि या सगळ्यावर आवाज चढवून अम्माचं बोलणं. घरात आमची दखनी चाले, गावाशी मराठी, आणि अप्पांच्या घरी कानडी कानावर पडे. तिन्ही भाषांत मी सारखीच भांडत असे. अब्बा आधी नळदुर्गकडच्या एका जागीरदाराच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. निजामाचं राज्य गेलं, मग जागिरी गेल्या, जागीरदार हैदराबादला निघून गेले आणि मोटारखाना विकायला निघाला. त्यातली एक लांबलचक अमेरिकन गाडी जळकोटच्या अप्पांनी घेतली. अप्पा म्हणजे आमच्या गावातले लिंगायत व्यापारी, भुसार मालाचं दुकान असलेले, कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोलण्यात साखर. पैसा त्यांचा, हात अब्बांचे, अशी भागीदारी ठरली. जागीरदाराला शिकारीला मिरवणारी ती गाडी आता नळदुर्ग, तुळजापूर, सोलापूर अशी पासिंजर वाहायला लागली.

त्या गाडीचं इंजिन जरा तऱ्हेवाईक होतं. एका ओळीत आठ सिलिंडर, त्यांना सोळा वॉल्व्ह, आणि प्रत्येक वॉल्व्हच्या दांड्याखाली एक चिमुकलं लोखंडी चाक. खालचा दांडा फिरला की त्याच्या उंचवट्यावरून हे चाक पळे आणि वॉल्व्ह उघडे. अब्बा त्याला रोलर म्हणत, आणि चाकासकट त्या सांध्याला टॅपेट. आताच्या इंजिनांत मधली फट तेलाच्या दाबानं आपोआप भरून येते म्हणे. आमच्या गाडीत मात्र सगळं लोखंडाला लोखंड, नुसतं ठोस. ती फट हातानं राखावी लागे, तीही इंजिन गरम असताना. या फटीमुळं गाडी सतत वाजायची, टक-टक-टक-टक, फरशीवरून घोडी दुडक्या चालीनं जावी तशी. गाव तिला घोडीच म्हणायचं. पासिंजर कुरकुरायचे, अप्पाही अधूनमधून म्हणायचे, "मिस्त्री, जरा आवाज कमी करा की हिचा. सोलापूरची मान्सं हासत्यात." अब्बा मान हलवायचे. घरी आल्यावर आम्हाला सांगायचे, "बजती तबतक जीती." वाजते तोवर जिवंत आहे. फट बुजली की आवाज जातो, आणि गरम इंजिनात वॉल्व्ह पुरा मिटेनासा होतो. मग तो जळतो, गाडीचा दम जातो, आणि हे नेमकं चढावर होतं. अब्बांच्या उस्तादांची गाडी अशीच गप्प होऊन एका घाटात उलटी घरंगळली होती. उस्ताद वाचले, पण त्यांचा एक पाय गेला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती, की माझ्या लेखी भुताचे पाय उलटे नसायचे, भूत म्हणजे गप्प इंजिन असायचं.

आता जी गोष्ट सांगते ती त्या काळी आम्ही तिघंच जाणत होतो. अब्बांना ऐकू येईनासं झालं होतं. आधी कोंबड्यांचा आवाज गेला, मग अम्माचा (हा त्यांचा फायदाच, असं ते एकदा म्हणाले आणि अम्मानं दोन दिवस तोंड फुगवलं), आणि मग घोडीचा. बाहेर कळलं असतं तर गाडी चालवण्याचा परवाना गेला असता, आणि अप्पांनी दुसरा माणूस बघितला असता. म्हणून रोज संध्याकाळी गाडी आली की मी बॉनेटजवळ जायची. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि एकेक टॅपेट ऐकायचा. लांब उभे राहून अब्बा हळूच विचारायचे, "शम्मू, वाजतीय का?" ज्या टॅपेटचा आवाज बिघडला असेल त्याचा आकडा मी बोटांनी दाखवायची. पंधरा वर्षांची मुलगी होते मी. शाळेत माझ्या डाव्या कानाला नेहमी काळं लागलेलं असे आणि पोरी त्यावरून चिडवत. पण अब्बांचा कान मी आहे, ही गोष्ट कुणाला न सांगताही मी मिरवत होते.

फट मोजायला अब्बांकडं पोलादी पट्ट्यांची एक गड्डी होती. नऊ पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या जाडीची, एका टोकाला खिळीनं ओवलेल्या, हातात धरून पंख्यासारख्या पसरता येणाऱ्या. पट्ट्यांवरचे आकडे कधीच झिजून गेले होते. अब्बांना आकडे लागतही नव्हते. वरून चौथी पट्टी, बस्स. चौथी पट्टी फटीत सरकवायची, जराशी अडत अडत सरकली की स्क्रू आवळायचा.

दरवर्षी खंडेनवमीला अप्पांच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. तराजू, वजनं, अडकित्ता यांच्या शेजारी पाटावर आमची हत्यारांची पिशवीही जायची, कारण गाडी अर्धी त्यांची. अब्बांची त्याला ना नसे. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला कुणी फूल वाहिलं तर आपलं काय जातं, असं ते म्हणत. आदल्या दिवशी अम्मा सगळी हत्यारं चिंच-राखेनं लख्ख घासायची. त्या साली अम्मा तापानं पडली होती, म्हणून घासायचं काम माझ्याकडं आलं. मला तर हौस दांडगी. अम्मा गड्डी मिटलेलीच वरवर घासायची. मी म्हटलं, अव्वांनी बघितलं पाहिजे मिस्त्र्याची पोर कशी घासते. अव्वा म्हणजे अप्पांची आई, नऊवारीचा काष्टा, हातात काठी, सोवळ्याओवळ्याला महाकडक. सगळी आळी तिला वचकून असे. मी खिळी काढली, नऊ पट्ट्या सुट्या केल्या, एकेक चिंचेत भिजवून राखेनं घासली, उन्हात मांडली, खोबरेल पुसलं आणि परत ओवल्या. आरशासारख्या चमकत होत्या. कोणती कोणावर होती हे बघायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी गाडी तुळजापूरहून आली. नवरात्र असल्यानं दिवसातून दोन-दोन फेऱ्या चालल्या होत्या. इंजिन तापलेलं होतं आणि दसऱ्याला अप्पांचं सगळं घर देवीच्या दर्शनाला जायचं होतं, म्हणून अब्बांनी लगेच टॅपेट करायला घेतले. अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी आत भाकऱ्या थापत होते. अब्बांचं बोलणं नेहमीप्रमाणं मोठ्यानं ऐकू येत होतं, "सोळाच्या सोळा फटी ढिल्या निघाल्या बघा अप्पा. लई पळाली ना घोडी." मग झाकण बसल्याचा आवाज आला आणि अप्पा पिशवी घेऊन घरी गेले. अब्बांनी त्या दिवशी मला बाहेर बोलावलं नाही. मला वाटलं, अप्पा बसलेत म्हणून.

नवमीला सकाळी गाडी पूजेसाठी अप्पांच्या दारात नेली. मी मागोमाग फुलांची परडी घेऊन पोचले. अब्बांनी गाडी चालू केली, आणि मी जिथं होते तिथंच थांबले. आवाज नव्हता. इंजिन चालू होतं, बॉनेट थरथरत होतं, पण टकटक नव्हती. अप्पा खूश होऊन टाळ्या पिटत म्हणाले, "आता कशी गुमान चालली! व्हय का न्हाय, अव्वा?" अव्वानंही मान डोलावली. सगळे हसत अब्बांकडं बघत होते आणि अब्बा त्यांच्याकडं बघून हसत होते. त्यांना वाटलं, गाडी धुतली त्याचं कौतुक चाललंय. मला पाटावरची गड्डी दिसली, हळदीकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. कालचे अब्बांचे शब्द आठवले, सोळाच्या सोळा ढिल्या. सोळा टॅपेट एका दिवसात ढिले होत नसतात. मीच चौथीच्या जागी कुठली तरी पातळ पट्टी ओवली होती, आणि तिच्या मापानं बरोबर फटीही ढिल्या वाटून अब्बांनी त्या बुजवल्या होत्या.

त्या दिवसाची भीती मला अजून चव सांगावी तशी सांगता येते. जिभेवर पितळ चाटल्यासारखं होत होतं. अम्मा अंथरुणातून उठून बसली होती, तिनं खट्टी दाल आणि भात केला, आणि मी माझं ताट तसंच कोंबड्यांपुढं ओतलं. अब्बांना सांगायचं तर कसं? बहिऱ्या माणसाच्या कानात गुपित सांगता येत नाही, ओरडावं लागतं, आणि आमचं घर पडलं रस्त्यावर. छपराखाली सारखं कुणी ना कुणी बसलेलं असायचं. लिहून द्यावं तर अब्बांना वाचता येत नव्हतं. दुपारी मी धीर करून त्यांच्यासमोर उभी राहिले, बॉनेटकडं बोट केलं आणि बोटांनी सोळा दाखवले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "हौ, सोळाबी झाले. अब आराम." बाकावर बसलेले दोघं हसले. मी आत गेले आणि कणगीआड बसून रडले. अप्पांना सांगितलं असतं तर अब्बांचं बहिरेपण उघडं पडलं असतं. नाही सांगितलं तर उद्या अप्पा, त्यांची बायको, तीन पोरं, अव्वा आणि माझे अब्बा त्या गप्प इंजिनावर तुळजापूरचा चढ चढणार होते. बरं, दुरुस्त करावं म्हटलं तरी हत्यारं अप्पांच्या देवघरात. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईस्तोवर त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा अव्वाचा नेम. म्हणजे गाडी बिनहत्याराची घाटात जाणार होती, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी शेवंती द्यायच्या निमित्तानं अप्पांच्या घरी गेले. अव्वा न्हाणीत होती, बाकी सगळे नवे कपडे घालण्याच्या गडबडीत. देवघराच्या उंबऱ्यात मी आजवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं. पूजलेली पिशवी उचलली, फूल खाली पडलं ते परत पाटावर ठेवलं, आणि पिशवी ओढणीखाली घेऊन बाहेर आले. चपला पायात न घालता हातात घेऊनच निघाले. घरी येऊन पिशवी शिदोरीच्या टोपल्यात भाकरी-चटणीच्या खाली दडवली आणि मलाही न्या म्हणून अब्बांसमोर भोकाड पसरलं. मी हट्ट करणारी नव्हते, त्यामुळं अम्मा चकित झाली आणि अब्बा लगेच वितळले. मागच्या सीटवर अव्वाच्या पायाशी मला जागा मिळाली. पायात टोपलं, आणि टोपल्याशेजारी चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा.

नळदुर्गपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. अप्पा पुढून सारखे म्हणत होते, "काय झ्याक चाललीय." प्रत्येक वेळी मला वाटे आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी मी नुसतं टोपलं जवळ ओढून घेई. चढ सुरू झाला तसा मला पहिला फुसकारा ऐकू आला, उकळत्या पातेल्यावरचं झाकण उचलावं इतका बारीक. मग दुसरा. अब्बांनी गिअर खाली टाकला. आजूबाजूनं देवीला निघालेल्या बैलगाड्या आमच्या पुढं जायला लागल्या. पोरं हसली. अब्बा आणखी खालच्या गिअरवर आले, पाय दाबून धरला, आणि मधल्या वळणावर घोडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. क्षणभर थांबली. मग मागं सरकायला लागली. ब्रेक जुने, आत आठ माणसांचं ओझं. अब्बांनी हातब्रेकही ओढला, तरी चाकं करकरत सरकतच होती, आणि मागच्या काचेतून मला रस्त्याची कड आणि त्यापलीकडं नुसतं ऊन दिसत होतं. अव्वानं माझा खांदा इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मी तो हात झटकला, दार ढकललं आणि ठोकळा घेऊन उडी मारली. चाकाखाली तो कसा सारला मला आठवत नाही. ठोकळाही वीतभर घासत गेला. मग गाडी थांबली.

सगळे उतरले. अव्वाला दोघांनी धरून उतरवलं आणि दगडावर बसवलं. अब्बा बॉनेट उघडून वेड्यासारखे आत बघत होते आणि सवयीनं हत्यारांची पिशवी चाचपत होते, जी तिथं असायचं कारणच नव्हतं. मी टोपल्यातून भाकऱ्या बाजूला केल्या आणि पिशवी बाहेर काढली. कुंकवानं माखलेली होती. अप्पांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. अव्वानं पिशवी ओळखली; तिची मान ताठ झाली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी अब्बांच्या कानाशी तोंड नेलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "अब्बा, म्या पट्ट्या उलट्या ओवल्या. ती चौथी न्हाय. घासताना सुट्या केल्या म्या."

त्यांना ऐकू गेलं. सगळ्यांनाच गेलं. "मिस्त्रीला ऐकू येत न्हाय व्हय?" अव्वानं विचारलं, कुणा एकाला नव्हे, असंच. अब्बांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत. गड्डी हातात घेऊन पसरली आणि चकचकीत पट्ट्यांकडं बघत राहिले; सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. त्यांना कोणती खरी ते सांगता येईना. तेव्हा मी पेचकस उचलला. इंजिन जरा निवल्यावर ते कसंबसं चालू झालं. अब्बा एका टॅपेटला एकेक जाड पट्टी लावून बघायचे, मी पेचकसाची मूठ कानाला लावून ऐकायची. पहिली लावली, अजून मुकं. दुसरीनं ठणठणाट. तिसरी लावली आणि तो आवाज आला, दुडक्या चालीचा, माझ्या रोजच्या ओळखीचा. मी मान हलवली. त्या पट्टीनं सोळाही करायला ऊन डोक्यावर आलं. एक वॉल्व्ह कडेनं जळालाच होता, तो पुढं बदलावा लागला, पण बाकीच्यांत चढापुरता दम आला. झाकण बसवून अब्बा स्टिअरिंगवर जाऊन बसले, गाडी चालू केली, आणि मग जे आजवर लांब उभं राहून हळूच विचारायचे, ते अप्पांच्या, अव्वाच्या, रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्यांच्या समोर मोठ्यानं विचारलं, "शम्मू, वाजतीय का?"

"वाजतीय, अब्बा."

तुळजापूरला दर्शन झालं. आम्ही बापलेक बाहेर गाडीत बसलो होतो. परत येताना अब्बांनी मला पुढं, आपल्या शेजारी बसवलं. संध्याकाळी अप्पा आपट्याची पानं घेऊन आमच्या घरी आले. अब्बांनी पान घेतलं, कपाळाला लावलं, आणि त्यांच्या हातावर गाडीची किल्ली ठेवली. अप्पांनी अब्बांना मिठी मारली आणि किल्ली घेऊन गेले. वाईट माणूस नव्हता, पण किल्ली त्यानं घेतली. अव्वानं देवघर पाण्यानं धुऊन काढलं. मात्र त्यानंतर मी फुलं घेऊन गेले की ती मला उंबऱ्यातच भाकरी द्यायची आणि माझ्या खांद्यावरचे नखांचे वळ बरे झाले का ते बघायची.

अब्बा गेल्यावर कितीतरी वर्षांनी अम्मानं मला एक गोष्ट सांगितली. अष्टमीच्या त्या संध्याकाळी अब्बांना खटकलं होतं. सोळाच्या सोळा ढिल्या कशा, म्हणून मी झोपल्यावर ते तिच्याजवळ बोलले होते. मला ऐकायला बोलवावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण अप्पा शेजारी बसून बघत होते, आणि पोरीला विचारताना आपण पकडले जाऊ, ही भीती त्यांना वाटली. म्हणजे मी भीत होते तेव्हा तेही भीतच होते, एकाच घरात, भिंतीच्या अलीकडं-पलीकडं. हे मला आधी कळलं असतं तर मी त्या दुपारी भर रस्त्यात ओरडले असते.

पुढं घोडी दुसराच माणूस चालवायचा. टॅपेटचं काम मात्र अब्बांकडंच राहिलं, आणि त्यांनी त्या पट्टीच्या कडेला कानशीनं एक खाच पाडून ठेवली. दुपारी गाडी हमरस्त्यानं जायची तेव्हा ते छपराखाली पाठ करून काम करत असत. ती गेल्याचं त्यांना कळायचं नाही. धूळ खाली बसली की कधीतरी मान वर करून विचारायचे, "गेली का?"

"गेली."

"वाजत होती?"

मी म्हणायची, हो. आणि ते पुन्हा हातोडा उचलायचे.